मांडणीवरचं आमचं गाव

त्या दिवशी कचेरीतल्या त्या कागदांच्या खोलीत कोण कोण व्हतं ते आधी सांगते. मागनं कुणी म्हणायला नको की बाईनं मनानं जुळवलं. एक मी. दुसऱ्या माझ्या सासूबाई, त्यांना आमी आत्याबाई म्हणायचो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळायचा. माझी नणंद, शिनोलीला दिलेली; तिला मुद्दाम बरोबर घेतलेलं, कारण तिला कचेरीत बोलाय येतं आन माझी तिथं दातखीळ बसती. खोलीतली कागदं सांभाळणारा एक जुन्नरचा मुसलमान माणूस, दाढी पिकलेली, समदी त्याला चाचा म्हणत. आन दारात खुर्ची टाकून बसलेले तरणे भाऊसाहेब. बाकी खोलीत माणूस नव्हतं.

आता मागचं सांगते.

आमचं गाव धरणात गेलं. पाणी काय एका दिवसात आलं न्हाई. आधी खालच्या अंगाची वावरं गेली, मंग वेस, मंग एका सकाळी उठून बघते तर उंबऱ्याला पाणी लागलेलं, हलत न्हाई, डुलत न्हाई, नुसतं येऊन बसलेलं. कुत्रीसुद्धा भुंकली न्हाईत. आमी भांडी डोक्यावर घेतली आन वर गेलो.

पुढं सरकारनं माळावर नवी वसाहत दिली. ज्यांची घरं बुडाली त्यांना घरासाठी प्लॉट. यादी वाचली तवा गल्लीतल्या समद्यांची नावं आली, आमचं आलं न्हाई. माझे मालक उठून म्हणले, "आमचं राहिलं." वाचणाऱ्यानं परत बघितलं. न्हाई. असंल पुढच्या यादीत, म्हणले. पुढच्या यादीत बी न्हाई. मंग आमी वसाहतीच्या कडेला पत्र्याचं शेड मारलं आन त्यात राहिलो. मालक कचेरीच्या वाऱ्या करायचे, आल्यावर एकच बोलायचे, "म्हणत्यात तुमचं घर तिथं नव्हतंच." पावसाळ्यात त्यांना तापानं धरलं, आन त्यातच गेले. मी नारायणगावच्या अंगाला टमाटे तोडाय, कांदे काढाय जाऊ लागले. माझी एकच पोरगी, तिला आत्याबाईपाशी ठेवायची.

बरीच वर्सं अशी गेल्यावर वसाहतीत कुणीतरी येऊन सांगितलं की ज्यांच्याकडं प्लॉट न्हाई त्यांची शेडं उठवणार. त्याच्या आधी बुडालेल्या घराचा कागद दाखवला तर न्हाई उठवणार. एवढंच माझं कारण. माझ्या पोरीच्या डोक्यावरचा पत्रा राहावा. म्हणून आमी तिघी एसटीनं गेलो. आत्याबाईला नेलं, कारण घरात जुनं माणूस तीच उरलेलं, आन अंगठा लागला तर तिचाच लागणार.

खोली लांबलचक. एका भिंतीला वर दोन झरोके, दुपारचा उजेड तेवढ्यातनं तिरपा येऊन मधीच थांबायचा, पलीकडं नुसता काळोख. दोन्ही अंगाला लाकडाच्या मांडण्या, जमिनीपासनं आढ्यापर्यंत, आन त्यावर लाल कापडात बांधलेली गाठोडी. त्याला तिथं रुमाल म्हणत्यात. एकेका रुमालात पुष्कळ घरांची कागदं, प्रत्येक घराचं पुडकं वेगळं, नाडीनं बांधून पुठ्ठा लावलेलं. कसर लागू नये म्हणून मधी कडुलिंबाचा पाला. समद्या खोलीत त्या वाळल्या पाल्याचा वास. पण आमच्या गावाच्या मांडणीपाशी चाचानं नेलं, आन तिथं तो वास बदलला. गाळाचा वास आला. पाणी आटल्यावर नदीच्या काठाला येतो तसा. नणंदेनं पदर नाकाला लावला.

"छत गळतं काय हितं?"

"न्हाई ताई," चाचा म्हणला. "कडक सुकी भिंत हाय. मी हात लावून बघतो रोज. पण बुडालेल्या गावांच्या मांडण्यांना हा वास राहतो. का ते मी कुणाला विचारलं न्हाई."

त्यानं रुमाल खाली घ्यायच्या आधी मांडणीच्या लाकडावर दोन बोटांनी वाजवलं आन जरा मोठ्यानं म्हणला, "कोण हाय का घरात?" आन थांबला. कान देऊन थांबला.

नणंदेला हसू आलं. "चाचा, सरकारी कागदाला बी हाक मारायची? ते काय चहा ठेवणार हायेत व्हय?"

"चहा नको आपल्याला. पण घरात बाईमाणूस असतं, आंघोळीला बसलेलं असतं. दुसऱ्याच्या घरात असंच शिरायचं का?"

दारातनं भाऊसाहेब म्हणले, "चाचांचं असंच असतं, मावशी. मला पहिल्या दिवशी म्हणले, साहेब, चालू गावाचा रुमाल कसाबी सोडा, बुडालेल्या गावाचा सोडताना आवाज द्या. मी पण देतो आता. उगीच कशाला."

हसत म्हणले, पण 'उगीच कशाला' म्हणताना हसले न्हाईत.

चाचानं रुमाल सोडला. मला वाटलं कागदं कसलीबी लावलेली असतील. तसं नव्हतं. जवा घरं मोजाय माणसं आलेली तवा ती वेशीतनं शिरली, एका अंगानं वर गेली, तळ्यापाशी वळली आन दुसऱ्या अंगानं खाली आली. जशी चालली तशी घरं लिहिली, आन जशी लिहिली तशीच पुडकी लावली. म्हणजे त्या रुमालात आमची गल्ली व्हती. पहिलं पुडकं वेशीजवळच्या घराचं, मंग त्याच्या शेजारचं, मंग त्याच्या. चाचा एकेक पुडकं उजेडात धरायचा, घरधन्याचं नाव वाचायचा आन डाव्या हाताला ठेवायचा.

मी दुसरीपर्यंत शिकलेली. मला ते वाचाय फार आलं नसतं, पण वाचायची गरज पडली न्हाई. तो वाचत गेला आन मी चालत गेले. हे दळण दळणाऱ्याचं. इथं उताराला पाय घसरायचा. हे कोपऱ्यावरचं, याच्या ओट्यावर पिवळं कुत्रं बसायचं. माझ्या पायाला खरंच चढ लागाय लागला. मी मांडणीला धरून उभी राहिले.

आत्याबाईला आमी भिंतीकडं पोत्यावर बसवलेलं. तिला कशाला आलोय ते सांगितलेलं, पण तिच्या ध्यानात किती राहिलं ठाऊक न्हाई. चाचानं एक नाव वाचलं तशी ती तिथनं बोलली.

"बेल्ह्याला गेलाय. बैल घेऊन."

आमी तिच्याकडं बघितलं. ती समोर काळोखाकडं तोंड करून बसलेली, पदर नीट घेतलेला, दारात बसून आल्यागेल्याशी बोलावं तशी.

चाचानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, वाचा तुमी.

त्यानं पुढचं वाचलं.

"हाय. आत हाय. तिची मान धरलीय दोन दिवस."

पुढचं.

"ती उठत न्हाई एवढ्यात. सुनेला हाक मारा."

नणंद पुढं जाऊन तिच्या खांद्याला हात लावून म्हणली, "आये, आपण कचेरीत हाय. गावात न्हाई." तशी आत्याबाई तिच्यावरच खेकसली, "मला कळतंय कुठं हाय ते! माणूस विचारतंय तर सांगू नको व्हय?"

भाऊसाहेब खुर्चीवरनं उठले आन दारातच उभे राहिले. आत आले न्हाईत.

असं घर घर चाललं. कुणी हाय, कुणी रानात, कुणी माहेरी. चाचाचा आवाज हळू व्हत गेला. वाचताना तो आता पुडक्याकडं कमी आन आत्याबाईकडं जास्ती बघायचा. मधी एक नाव आलं, आमच्या समोरच्या अंगाला कापड विकायचा त्याचं. त्याला गाव सोडून भोसरीला जाऊन लई वर्सं झालेली. आत्याबाई म्हणली, "त्यो न्हाई आता. काल गेला."

एवढंच. मंग पुढचं नाव.

तो खरंच वारलेला. आमी घरी आल्यावर आठवड्याच्या आत निरोप आला, आन दिवस विचारला तर आमी कचेरीत गेलो त्याच्या आदल्या दिवसाचा. कुणी तिच्या कानावर घातलं असंल का? फोन तवा दुकानात एकच व्हता, वसाहतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मी काय म्हणू. मी जे ऐकलं ते सांगते.

मंग लोहाराचं घर आलं. मी चाचाच्या जवळ सरकले, कारण लोहाराच्या पलीकडची भिंत आमची. त्याच्या ऐरणीचा आवाज आमच्या चुलीपाशी यायचा. चाचानं लोहाराचं पुडकं डावीकडं ठेवलं, पुढचं उचललं आन वाचलं. ते नाव विहिरीजवळच्या कोळ्याचं व्हतं.

"न्हाई," मी म्हणलं. "मधी आमी हाय."

त्यानं दोन्ही पुडकी परत उजेडात धरली. एकाचा आकडा, त्याच्या पुढचा आकडा. "मधी एक आकडा सुटलेला हाय, ताई," तो म्हणला. "पण पुडकं न्हाई. कुणी काढून नेलं असतं तर मी जागेवर चिठ्ठी ठेवली असती. चिठ्ठी न्हाई. म्हणजे इथं कधी काही ठेवलंच न्हाई."

मी त्या जागेवर हात फिरवला. लोहार आन कोळी एकमेकांना चिकटून. जनू आमचं घर मधनं उचललं आन दोघं सरकून जवळ आले. कचेरीवाले मालकांना सांगायचे तेच खरं काय असं वाटाय लागलं. मी तिथं चूल पेटवली, तिथं नांदले, आन तिथं मी नव्हतेच? त्या खोलीत बाहेरचा एसटीचा हॉर्न पण ऐकू येईना.

चाचानं काय केलं, त्या दोन पुडक्यांच्या मधी मांडणीच्या फळीवर वाजवलं. आन जसं दाराशी विचारावं तसं विचारलं, "हे घर कुणाचं?"

आत्याबाई पोत्यावरनं उठून उभी राहिली. काठीशिवाय. हात कपाळापर्यंत नेला, पदर पुढं ओढला, आन परक्या पुरुषाशी बोलावं तसं तोंड फिरवून म्हणली,

"देवीचं घर हाय. आमी राखणीला."

नणंदेनं तोंडावर हात ठेवला. मला आधी कळलं न्हाई, तिला कळलं, ती त्या घरची लेक.

आमच्या घरात देवीचा मुखवटा असायचा. जत्रेपुरता देवळात जायचा, बाकी वर्सभर आमच्या भिंतीतल्या देवळीत, दाराच्या समोर. मोजणीची माणसं आली त्या दिवशी गावातली समदी पुरुषमाणसं देवीला वर कुठं न्यायची ती जागा बघाय डोंगरावर गेलेली. मी बाळंतपणाला मढला, माहेरी. घरात आत्याबाई एकटी. माणसानं दारात विचारलं, घर कुणाचं. आता घर सासऱ्यांच्या नावाचं, आन आत्याबाईनं नवऱ्याचं नाव जन्मात कधी तोंडातनं काढलं न्हाई. उखाण्यातसुद्धा घेतलं नव्हतं म्हणत. ती बोलली ते, जे त्या घरातली बायामाणसं पिढ्यान्‌पिढ्या बोलत आली. समोर देवळीत मुखवटा, हळदीकुंकू वाहिलेला. त्या माणसानं बघितलं आन जसं सांगितलं तसं लिहून घेतलं. त्याचं काय चुकलं?

"देवस्थानाचा रुमाल," चाचा म्हणला. "वरच्या फळीवर. समद्या बुडालेल्या गावांची देवळं एकत्र हायेत त्यात."

शिडी लावली, रुमाल खाली आणला, पण गाठीला हात लावला न्हाई. खाली ठेवून तो मागं सरकला. "एवढ्या वर्सांत हा रुमाल कुणी मागितला न्हाई. देव कुठं येतोय दाखला मागाय. मी सोडत न्हाई. तुमची देवी हाय, तुमी सोडा."

नणंदेनं चपला काढल्या. मी बी काढल्या. रुमालाच्या गाठीत कुंकू बसलेलं, कुणी लावलं ठाऊक न्हाई. चाचा म्हणला मी न्हाई, भाऊसाहेब म्हणले मी न्हाई. गाठ सुटली तसा तो गाळाचा वास भप्पकन अंगावर आला. कापड हाताला ओलं न्हाई लागलं, पण लई गार. देवळांची पुडकी वर व्हती, आन खाली आमचं घर व्हतं.

भाऊसाहेबांनी वाचून दाखवलं. मातीच्या भिंती. कौलं. पुढं ओटा. मागं शेवग्याचं झाड. एक दार पूर्वेला. भोगवटादार म्हणून देवीचं नाव, आन खाली एका बाईचा अंगठा. आत्याबाईनं विचारलं, काय सापडलं? नणंद म्हणली, तुझा अंगठा सापडला. तर म्हणली कशी, "मी दिलाच व्हता. इतकी वर्सं मला कुणी विचारलं का?"

खरं हाय. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मालक विचारायचे ते कचेरीत.

घर सापडलं, पण आमचं म्हणून सापडलं न्हाई. भाऊसाहेबांनी दुसरं एक पुडकं बघून सांगितलं की देवीला वसाहतीत दोन प्लॉट दिलेले हायेत. एक देवळाचा, एक घराचा. तवा मला उमगलं. वसाहतीत नव्या देवळाच्या शेजारी एक मोकळी जागा हाय, तण वाढलेली. लोकं म्हणायची, सरकारनं देवीला जास्तीची जागा दिली, आन तिथं कुणी गुरं बांधत न्हाई, कुणी सरपण ठेवत न्हाई, मुतायला पोरं जात न्हाईत. आमचं शेड बरोबर त्याच्या मागं. म्हणजे इतकी वर्सं मी आमच्याच जागेच्या कडेला पाठ लावून निजत व्हते.

भाऊसाहेब चांगलं माणूस. म्हणले, मावशी, हे बदलता येतं. घर देवस्थानाचं नव्हतं, तुमचं राहतं व्हतं, असा त्या गल्लीत राहिलेल्या दोघा जाणत्यांचा जबाब आणा. तवर शेडाला कुणी हात लावणार न्हाई, मी तसा शेरा मारतो. आन मारला. शेड राहिलं.

पण जबाब मिळाला न्हाई. वसाहतीतली आमच्या गल्लीची माणसं म्हणली, "वैनी, आमाला ठाऊक हाय घर तुमचं. पण देवीच्या नावावरचं काढा म्हणून अंगठा कोण देणार? पोराबाळांचं घर हाय आमचं." मी कुणाला बोल लावला न्हाई. मला बी भ्या वाटायचं.

कचेरीतनं आल्यापासनं आत्याबाईचं एक सुरू झालं. दिवस मावळायला आला की उठायची, केरसुणी घ्यायची आन त्या मोकळ्या जागेत जायची. तिला दिसत नव्हतं, तरी ठेचकाळली न्हाई कधी. एका ठिकाणी वाकून आत शिरायची, जशी बुटक्या दारातनं शिरतात, आन झाडायची. झाडताना एका अंतरावर थांबायची, वळायची, परत थांबायची. पोरगी एकदा तिला आणाय सरळ मधनं गेली, तर ओरडली, "भिंतीतनं काय येतीस!" माझ्या पोरीला ते गाव ठाऊक न्हाई, तान्ही व्हती तवा. पण मी लांबनं बघायचे आन मला ओळखू यायचं. इथं चूल. इथं जातं. इथं देवळी, इथं ती उभी राहून हात जोडायची. लोकं त्या वक्ताला तिकडचा रस्ता सोडून जाऊ लागली. एका बाईनं सांगितलं की तिनं आत ऐरण ऐकली. मी न्हाई ऐकली. मी तिला वेळेवर भाकर घालायचे आन धरून आणायचे.

गेल्याच्या गेल्या साली आत्याबाई गेली. ती जागा झाडून आली, पाणी पिली आन पडली. तिनं जिथनं आतबाहेर केलं तिथं पायवाट पडलेली हाय, पूर्वेच्या अंगाला. तिथं तण उगवत न्हाई. आता शेळ्या सुद्धा तिथनंच आत जात्यात. चारी बाजूनं मोकळं असून.

ते भाऊसाहेब बदलून गेले, चाचा बी पेन्शनीत निघाला. शेरा कागदावर हाय, पण कागद कुठल्या रुमालात ते नव्या माणसाला सांगाय आता कुणी न्हाई, मीच हाय. पोरीला स्थळं येत्यात, विचारत्यात घर कुठं तुमचं. मी मोकळ्या जागेकडं बोट दाखवते, ती उठून जात्यात.

म्हणून हे पोरीकडनं नीट उतरवून घेतलं. आमच्या गल्लीतली लई माणसं भोसरीला, पुण्याला, मुंबईला पांगली. तुमी त्यातले असाल, न्हाईतर तुमच्या घरात त्यातलं कुणी जुनं माणूस जिवंत असंल, तर एक दिवस या. लोहार आन कोळ्याच्या मधी आमी राहत व्हतो, एवढंच साहेबापुढं सांगा आन सही करा. दोघं लागत्यात. एसटीचं भाडं मी देईन, जेवून जा.